पाणी न घेणारे पाहुणे

हे लिहायला बसल्यावर पहिलं नाव हसन तांबोळीचं लिहितो. आज खरं काय आणि भास कोणता हे मला बहुतेक वेळा सांगता येतं, आणि माझ्या मुलीचं लग्न मी ताळ्यावर राहून पाहिलं, ते त्याच्यामुळे. हसन डॉक्टर नाही. तो शिरूरला राहतो आणि रांजणगावच्या कारखान्यात कामगारांना नेणारी बस चालवतो. आमचं दोघांचं मूळ गाव निमोणे. लहानपणी आमची घरं एकाच बोळात होती. शिरूरच्या शाळेत आम्ही एका सायकलवर गेलो. पुढे तो गाडीवर क्लीनर झाला आणि मी बी.एस्सी. झालो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. निकाल लागला त्या दिवशी गावभर पेढे हसननं वाटले, जसा काही तोच पास झाला होता.

मला पार्किन्सन आहे. आपल्याकडे कंपवात म्हणतात. हाताची थरथर सगळ्यांना दिसते, म्हणून तिच्याबद्दल सगळे बोलतात. पण या आजारात आणखी एक गोष्ट होते. ती रुग्णानं स्वतः सांगितल्याशिवाय दुसऱ्याला कळत नाही, आणि रुग्ण सांगत नाही. मीही सांगितली नव्हती. ज्यांच्या घरी कुणी असं गप्प बसलं असेल, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

बारीक होत गेलेलं अक्षर

मी दौंडला टेलिफोन ऑपरेटर होतो. ज्यांनी ट्रंक कॉलचा काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तेव्हा परगावी बोलायचं तर नंबर आमच्याकडे नोंदवावा लागे. लाइन मिळाली की आम्ही दोघांना जोडून द्यायचो. लाइन खराब असली की एकाचा आवाज दुसऱ्यापर्यंत धड पोचायचा नाही. मग मधला ऑपरेटर ऐकून पुढे सांगायचा, "ते म्हणतायत, माल उद्या निघेल." कधी मलाही अर्धंच ऐकू यायचं. पण बोलणारा कोण, त्याचा धंदा काय, हंगाम कोणता हे ठाऊक असायचं. राहिलेलं वाक्य मी अंदाजानं पुरं करायचो, आणि ते बहुतेक वेळा बरोबर निघायचं. ही गोष्ट जरा लक्षात ठेवा.

पुढे लोक घरूनच थेट नंबर फिरवू लागले आणि मला तक्रारींच्या टेबलावर बसवलं. तिथे माझं अक्षर बारीक होऊ लागलं. ओळ सुरू व्हायची नेहमीसारखी आणि शेवटाला मुंग्यांची रांग व्हायची. आमचे साहेब म्हणाले, "काय हो, सरकारचा कागद वाचवताय का?" सगळे हसले, मीही हसलो. त्याच सुमारास पुण्याहून येताना पाटसजवळ बसमधली सगळी माणसं नाकाला रुमाल लावायची आणि मी तसाच बसून राहायचो. हंगामात साखर कारखान्याच्या मळीचा वास तिथे पसरलेला असतो. मला तो येत नव्हता. हा वास न येणं त्याच आजाराची खूण होती, हे मला नंतर कळलं.

निदान झालं तो दिवस मला आठवतो तो माझ्या बायकोमुळे, मंगलमुळे. पुण्याच्या डॉक्टर मॅडमनी मला दवाखान्याच्या बोळातून चालायला लावलं. माझा डावा हात चालताना हलत नव्हता, शर्टाला शिवून टाकल्यासारखा अंगाला चिकटलेला होता. मला पंचवीस वर्षांच्या नोकरीत कुणी चालायला लावून पाहिलं नव्हतं, त्यामुळे मी जरा लाजलो. मॅडमनी आजाराचं नाव सांगितलं. मंगलनं विचारलं, "बरं कधी होईल?"

"हा बरा होत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण सांभाळता येतो, वर्षानुवर्षं."

परतताना बसमध्ये मंगल माझ्या शेजारी बसली. पाटस आलं तसा तिनं पदर नाकाला लावला, आणि मग पदराचं दुसरं टोक माझ्या नाकाला लावलं. मला वास येत नाही हे तिला ठाऊक होतं, तरी लावलं. एवढ्या वर्षांच्या आजारपणात लोकांनी मला बराच धीर दिला, पण त्या पदरासारखा दुसरा कुठला आठवत नाही.

उंबऱ्यावरून गेलेलं करडू

गोळ्यांनी काही वर्षं चांगली गेली. मग गोळ्या वाढत गेल्या. मी लवकर निवृत्ती घेतली आणि दौंडच्या घरी दिवसभर व्हरांड्यात बसू लागलो.

पहिल्यांदा एक करडू आलं. तांबूस रंगाचं, कान पांढरे. उंबऱ्यावरून आत गेलं. मी उठून पाहिलं तर आत काही नाही. शेजारच्यांचं असेल म्हणून सोडून दिलं. शेजारच्यांकडे शेळी नव्हती.

मग असं वाटायला लागलं की माझ्या उजव्या खांद्यामागे कुणीतरी उभं आहे. दिसायचं नाही, पण आहे हे पक्कं. चित्रपटगृहात मागच्या रांगेत माणूस येऊन बसला की न वळता कळतं ना, तसं.

आणि एका सकाळी, लख्ख उन्हात, व्हरांड्यातल्या बाकावर तीन माणसं बसलेली दिसली. फेटे बांधलेली, स्वच्छ कपड्यांतली, सोसायटीच्या मीटिंगला आल्यासारखी. एकाच्या गालावर देवीचे व्रण होते. दुसऱ्याच्या सदऱ्याचं वरचं बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं शिवलेलं होतं. तिसरा आपल्या वहाणेकडे पाहत होता. तिघांपैकी कुणालाही मी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं.

मी घाबरलो असेन असं तुम्हाला वाटेल, पण खरं सांगायचं तर मी आधी थक्क झालो. मला साधा आंबा काढता येत नाही. शाळेत चित्रकलेचे मास्तर माझी वही बघून "हे काय आहे ते खाली लिही" म्हणायचे. आणि त्याच माझ्या डोक्यानं देवीचा एकेक व्रण, बटणाचा दोरा, फेट्याची प्रत्येक चुणी जिथल्या तिथे मांडली होती. ऊन त्यांच्या एका खांद्यावर पडत होतं आणि दुसऱ्यावर नव्हतं. हे कुणी केलं? मी तर काहीच केलं नव्हतं, नुसता बसलो होतो.

भीती नंतर आली. आपल्याकडे ज्याला दिसतं त्याला एक तर बाहेरचं लागलं म्हणतात, नाहीतर डोकं फिरलं म्हणतात. दोन्हीतलं एकही मला परवडणारं नव्हतं, कारण वैशालीचं, माझ्या एकुलत्या एका मुलीचं, लग्न ठरलं होतं.

पाणी विचारायची सवय

खरं माणूस कोणतं हे ओळखायची युक्ती मला आमच्या रीतीनंच दिली. आमच्याकडे दारात आलेल्याला आधी पाणी विचारतात. कोण, कुठला, काय काम, ते सगळं नंतर. माझ्या लक्षात आलं की ही दिसणारी माणसं बोलत नाहीत आणि काही हातात घेत नाहीत. मग मी सगळ्यांनाच पाणी विचारू लागलो. जो "द्या" म्हणेल आणि पेला उचलेल तो खरा. जो नुसता बघत राहील तो माझ्या डोक्यातला. पोस्टमनला विचारायचो, मीटर बघायला येणाऱ्याला विचारायचो, कामावरून परत येणाऱ्या शेजाऱ्यालाही विचारायचो.

मंगल स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, कुणाला पाणी विचारताय? भिंतीला?"

"सवय गं," मी म्हणायचो.

"माझ्या माहेरची मानसं आल्यावर कुटं गेल्ती ही सवय?"

मॅडमनी मागेच बजावलं होतं, "नसलेलं काही दिसायला लागलं तर लगेच सांगा, मग गोळ्या बदलाव्या लागतील." मला त्यातलं एवढंच कळलं की गोळ्या कमी होतील. गोळ्या कमी झाल्या की माझे पाय जमिनीला चिकटणार, आणि लग्नात मुलीचा बाप मांडवाच्या दारात उभा राहून "या, या" म्हणायला नको? मग पुढच्या भेटीत त्यांनी विचारल्यावर मी सांगितलं, "काही नाही मॅडम, सगळं उत्तम." आणि घरी येऊन मनानंच गोळी थोडी वाढवली, म्हणजे पाय आणखी हलके होतील. पाय हलके झाले. बाकावरची माणसं रोज येऊ लागली. वाचणाऱ्यांनी कृपा करून असं करू नये.

हसन आला

दिवाळी जवळ आली होती. मंगल आणि वैशाली लग्नाचा बस्ता बांधायला, म्हणजे सगळ्यांच्या साड्या आणि कापडं घ्यायला, गेल्या होत्या. मी घरी एकटा होतो. दुपारी आतून बाहेर आलो तर व्हरांड्यातल्या खुर्चीत हसन बसलेला. पांढरा सदरा, मांडीवर पिशवी, डोकं भिंतीला टेकलेलं. फाटक वाजलेलं मी ऐकलं नव्हतं. येणार असल्याचं त्यानं कळवलंही नव्हतं.

"पाणी घेणार?" मी विचारलं.

त्यानं डोळे उघडले, हसला, छातीवर हात ठेवला आणि मान हलवली. नको.

मी तरी आत गेलो, तांब्या-पेला आणला, पेला भरून त्याच्यासमोर स्टुलावर ठेवला. त्यानं पेल्याकडे पाहिलं आणि नजर फाटकाकडे वळवली.

आजवर दिसलेली सगळी माणसं अनोळखी होती. तेवढाच माझा आधार होता, की ओळखीचं दिसलं तर ते खरं. आता ओळखीची, जिवंत माणसंही येऊ लागली असतील तर उद्या बाकावर मंगल बसेल आणि मला कळणार नाही ती कोणती.

"तू सुद्धा?" मी म्हणालो. "आता हसनचं सोंग घेऊन यायला लागला का तुम्ही?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मी समोर बसलो. खोट्या माणसासमोर लाज कसली? इतके महिने जे कुणाला सांगितलं नव्हतं ते मी त्याला सांगितलं. करडू, खांद्यामागचा माणूस, तिघं फेटेवाले. गोळी वाढवल्याचं. मॅडमला खोटं सांगितल्याचं. "लग्न एवढं होऊ दे," मी म्हणालो, "मग मला कुठं पाठवायचं तिथं पाठवा. पण व्याह्यांना कळलं तर पोरीचं लग्न मोडेल. वेड्याची पोर म्हणतील तिला. हसन खरा असता तर त्यालाही मी हे सांगितलं नसतं."

तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी ते बघत राहिलो. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कुणी कधी रडलं नव्हतं.

"दत्त्या," तो म्हणाला, "आरं, रोजा हाय माझा. पानी कसं घेऊ?"

त्यावर माझ्या तोंडून काय निघालं ते आठवलं की आजही हसू येतं. मी म्हणालो, "तू कवापास्नं रोजं धरायला लागला?"

"ह्याच साली. पन्नाशी वलांडली, म्हनलं आता तरी." त्यानं सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं. "यस्टीत उन्हानं घसा वाळला हुता, बोलवना. म्हनलं दोन मिंटं टेकावं. तवर तू सुरू झाला."

मी त्याचं मनगट धरलं. गरम होतं. सोडवेना मला.

"उद्या पुन्याला जायाचं," तो म्हणाला.

"लगीन झाल्यावर जाऊ."

"लग्नात दारात कोन हुबं ऱ्हानार? तू, का त्ये फेटेवाले?"

दिवस मावळल्यावर तो त्याच पेल्यातलं पाणी प्यायला. मी समोर बसून बघत होतो. ओठ पेल्याला लागले, गळा वरखाली झाला, पेला रिकामा झाला. माणूस पाणी पितो ही गोष्ट मी जन्मात इतक्या लक्ष देऊन पाहिली नव्हती.

मंगल

मंगलला त्याच संध्याकाळी सांगितलं. ती साड्यांच्या ढिगात बसली होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माज्यापास्नं लपवलंत. हसनभाईंना सांगितलंत."

"त्याला नाही गं सांगितलं. तो खोटा आहे असं समजून सांगितलं."

"म्हंजी मी खोटी असते तर मला सांगितलं असतंत?"

हसननं हळूच पिशवीतले खजूर काढून बशीत ठेवले आणि बशी तिच्याकडे सरकवली. तिनं घेतले नाहीत. ती रात्रीचं जेवण न करता झोपली.

सकाळी मी बाकाकडे पाहत बसलो होतो तेव्हा ती चहा घेऊन आली आणि माझ्या शेजारी टेकली. "आत्ता हायत का?"

"आहेत."

"कशी हायत?"

मी सांगितलं. फेटे, व्रण, बटणाचा दोरा. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "त्यात एखादी बाई आली तर मला सांगा. मी बोलते तिच्याशी."

त्या दिवसापासून मी एकटा नव्हतो.

वॉर्डातले दिवस

हसननं सुट्टी काढली आणि आम्ही पुण्याला गेलो. गोळ्यांचा मेळ बसेपर्यंत मॅडमनी मला दवाखान्यातच ठेवलं. सकाळी ताप-रक्तदाब, मग गोळी, मग बोळात चालणं, मग परत गोळी. गोळी कमी झाली तसे पाय जड झाले. उंबरा दिसला की पाऊल उचलेना. एक नर्स फरशीवर खडूनं आडव्या रेघा मारून द्यायची. रेघ दिसली की पाऊल उचललं जायचं, रेघ नसली की नाही. तेच पाय आणि तीच फरशी. खडूच्या एका रेघेनं माणूस चालू लागतो हे मी स्वतः अनुभवलं आहे.

माझ्या शेजारच्या पलंगावर बारामतीकडचे एक आप्पा होते. ऊस बागायतदार, आवाज मोठा. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं मला विचारलं, "तुमच्याकडं कोन येतं?"

मी दचकून इकडेतिकडे पाहिलं. "तिघं जण. फेटेवाले."

"बरंय तुमचं, मानसं तरी हायत. माज्याकडं माकडं येत्यात. हितं गजावर बसत्यात रांगेनं."

"काही करतात का?"

"काय न्हाई. बघत्यात. एकदा म्हनलं, लेको, एवढं बघताय तर उसाला पानी तरी सोडा."

मी आजारी पडल्यापासून इतकं मोकळं हसलो नव्हतो. ज्या गोष्टीसाठी मी तोंड लपवत होतो, तिच्यावर हा माणूस शेतातल्या गप्पांसारखा बोलत होता.

मॅडमनी एक दिवस मला आणि हसनला बसवून समजावलं. त्यांनी सांगितलं ते मला कळलं तसं लिहितो. डोळे माझे चांगले आहेत. पण डोळ्यांनी पाहिलेलं मेंदूत एका जागी पोचून संपत नाही. तिथून ते अनेक भागांकडे जातं, आणि सगळ्यांनी आपसात बोलून ठरवायचं असतं की समोर काय आहे. त्यातले काही भाग बाहेर लक्ष ठेवतात. काही भाग आपण रिकामे बसलो की आतलं, आठवणीतलं चालू करतात. बाहेरचं काम चाललं असताना आतल्यांनी गप्प बसायचं. या आजारात काही जणांची ही आपसातली जोडणी बिघडते. बाहेरची बातमी अर्धवट पोचते, आतला भाग गप्प बसत नाही, आणि तो उरलेलं आपल्या साठ्यातून भरून टाकतो. काही गोळ्यांनी हे वाढतं.

"आम्हालाही हे अजून पुरतं कळलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "पण तुम्हाला वेड लागलेलं नाही, एवढं नक्की."

मग म्हणालो, "मॅडम, लाइन खराब आहे, आणि ऑपरेटर वाक्य पुरं करतोय."

"म्हणजे?"

मी त्यांना ट्रंक कॉलचं सांगितलं. त्या हसल्या. "मी हे दुसऱ्या पेशंटना सांगितलं तर चालेल का?"

बी.एस्सी. झालो तेव्हाही मला इतका अभिमान वाटला नव्हता.

त्या रात्रीच नव्हे, त्यानंतरही कित्येक दिवस मी त्याच विचारात होतो. माझ्या आतला हा ऑपरेटर इतकी वर्षं माझ्या नकळत काम करत होता. दौंडच्या फलाटावर रोज गाड्या थांबत. मी कामावर जाता-येता खिडक्यांतले चेहरे पाहिले असतील. क्षणभर पाहिले आणि विसरलो, असं मला वाटलं. त्यानं ते टाकून दिले नसतील. देवीचे व्रण, बटणाचा दोरा, सगळं जपून ठेवलं असेल, आणि लाइन खराब झाल्यावर माझा बाक रिकामा दिसू नये म्हणून तिथे माणसं आणून बसवली असतील. खरं कारण काय ते मला ठाऊक नाही. पण माझ्याच डोक्यात एवढं मोठं एक्स्चेंज चालू आहे, हे कळल्यावर मी त्याला शिव्या देऊ शकलो नाही.

व्याह्यांच्या घरी

वैशालीनं मला एकच गोष्ट सांगितली, "पप्पा, लपवून लग्न नको." म्हणून दवाखान्यातून सुटल्यावर मी आणि हसन व्याह्यांकडे गेलो. ते शिरूर तालुक्यातले मोठे शेतकरी, गावकीत वजन असलेले. सगळे त्यांना आण्णा म्हणतात. त्यांच्या थोरल्या सूनबाईंनी आमच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. मी पेला उचलून सगळा प्यायलो. मनात म्हटलं, या घराला तरी मी खरा वाटू दे.

मग सगळं सांगितलं. दिसतं ते, आणि ते वाढू शकतं तेही. हसनची टाच जमिनीवर आपटत होती, ब्रेक दाबल्यासारखी.

"आमच्या आबांना," आण्णा शेवटी म्हणाले, "शेवटाला बैल दिसायचं. इकलेलं बैल. गोठा मोकळा, आन् ह्ये म्हनायचं वैरण टाका. बैल उपाशी हायत."

"मग?" हसननं विचारलं.

"मग काय. टाकायचो." ते उठले. "तारीख हाय तीच ऱ्हाईल. आमाला वाटलं तुमी मोडायला आला. दोघं इतकं तोंड पाडून आलाय."

बाहेर आल्यावर हसन त्यांच्या रिकाम्या गोठ्याच्या दारात जरा थांबला. मीही थांबलो. आत काही नव्हतं. दोघांनीही ते नीट पाहून घेतलं.

मांडवाच्या दारात

लग्नात मला उभं राहता आलं नाही. ज्यासाठी मी एवढं खोटं बोललो, ते झालंच नाही. मांडवाच्या दारात खुर्ची टाकून मला बसवलं. शेजारी हसन, हातात पाण्याचा जग. माणूस दिसलं की तो मोठ्यानं म्हणायचा, "या मामा, निमोण्याचं मामा आलं. घ्या पानी." मी हात जोडायचो. ज्याला हसननं पाणी दिलं तो खरा. सगळ्यांना वाटलं तांबोळ्यानं पाण्याचा मान घेतलाय. एका मावशी म्हणाल्या, "व्यवस्था चांगलीय हो, दारातच पानी."

कन्यादानाच्या वेळी वैशालीच्या हातावर पाण्याची धार धरायची होती. माझा हात थरथरत होता, मंगलनं खालून धरला होता, आणि धार काही थांबेना. भटजी म्हणाले, "बास, बास. नदी नका सोडू." वैशाली रडता रडता हसली.

अक्षता पडल्यावर मी पाहिलं तर मांडवाच्या कडेला, खांबाजवळ, ते तिघं उभे होते. तेच फेटे. इतके दिवस बसलेलेच पाहिले होते, आज उभे होते. गोळ्या कमी केल्यापासून ते क्वचितच यायचे. हसननं माझी नजर ओळखली.

"आलं का?"

"आले."

"किती?"

"तिघंच."

तो खांबाकडे वळला आणि अगदी यजमानासारखं म्हणाला, "जेवून जावा म्हनावं."

हसनला पाठवलेलं पत्र

प्रिय हसन,

तुझ्या दोस्ताचा नमस्कार. अक्षर मुंगीएवढं आहे, भिंग घेऊन वाच. मंगल म्हणाली मी लिहून देते, पण तुला मीच लिहायचं ठरवलं.

वैशाली सुखात आहे. आण्णा मला फोनवर सगळ्यात आधी विचारतात, "पाव्हनं कसं हायत?" ते माझी चौकशी करतात का बाकावरच्यांची, हे मी अजून विचारलेलं नाही. करडू मात्र परवा एकदा येऊन गेलं. मी मंगलला सांगितलं तर ती म्हणाली, येऊ द्या, झाडलोट करावी लागत नाही.

पाय जड आहेत. व्हरांड्यात खडूच्या रेघा मारल्या आहेत, पावसानं गेल्या की मंगल परत मारते. मॅडमनी सांगितलं की पुढे कदाचित जास्त दिसेल आणि तेव्हा ते खरं नाही हे मला कळेलच असं नाही. मी विचारलं, मग काय करायचं? त्या म्हणाल्या, घरात विश्वासाचं माणूस ठेवा आणि त्याला विचारत जा. मी म्हणालो, तशी दोन माणसं माझ्याकडे आहेत, एक घरात आणि एक शिरूरला.

हसन, तू त्या दिवशी पाणी घेतलं असतंस तर मी तुला खरा समजून चहा दिला असता, दोन गोष्टी केल्या असत्या, आणि तू संध्याकाळच्या गाडीनं परत गेला असतास. मी गोळ्या वाढवत गेलो असतो. तुझ्या एका रोजामुळे मी वाचलो. हे मी कुणाला सांगितलं तर त्याला गंमत वाटेल. माझ्या अंगावर अजून काटा येतो.

पुढच्या रमजानला ये. दिवसाच ये, संध्याकाळची वाट बघू नकोस. मी सवयीनं पाणी विचारीन. तू घेऊ नकोस. पण नुसती मान हलवू नकोस, तोंडानं नको म्हण.

तुझा,
दत्तू